पहिल्या रिमांडला कोण उभे राहते?

रात्री अकराला फोन येतो, "पोराला ठाण्यात नेलंय." राळेगाव असो की वडकी, पुढचा क्रम ठरलेला आहे. चार-पाच जण मोटारसायकली काढून ठाण्यावर जातात. कोणी नगरसेवकाला फोन लावतो, कोणी ओळखीच्या जमादाराला. "सकाळी सोडतो म्हणाले साहेब" एवढ्यावर सगळे परत फिरतात. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगा कोर्टासमोर उभा केला जातो, पाच मिनिटांत पीसीआर मिळतो आणि मग मोहल्ल्यात नागपूरच्या मोठ्या वकिलासाठी वर्गणी सुरू होते. मोठा वकील चार दिवसांनी येतो. तोवर पोलीस कोठडी भोगून झालेली असते.

हा क्रम उलटा आहे, आणि त्याची किंमत आपण वर्षानुवर्षे मोजतो आहोत. पहिला फोन वकिलाला जायला हवा, आणि तोही इथल्याच. राळेगावच्या कोर्टात रोज उभा राहणारा वकील अर्ध्या तासात ठाण्यावर पोहोचू शकतो. नागपूरचा वकील लागतो तो उच्च न्यायालयाच्या खंडपीठात, म्हणजे खालचे दोन दरवाजे बंद झाल्यावर.

पहिल्या चोवीस तासांत विचारायच्या गोष्टी मोजक्या आहेत. गुन्हा नोंदवला आहे का, कोणत्या कलमाखाली? अटक दाखवली आहे की नुसते 'चौकशीला बसवले' आहे? चौकशीला बसवणे असा काही प्रकार कायद्यात नाही. माणूस मोकळा असतो किंवा अटकेत असतो. अटकेत असेल तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेलेच पाहिजे, रविवार असो की ईद. अटकेची कारणे त्याला सांगितली पाहिजेत, घरच्यांना कळवले पाहिजे आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटू दिले पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले की, कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, आणि लगेच शक्य नसेल तर रिमांडच्या किमान दोन तास आधी तरी द्यावीत. तो कागद हाती आला का, एवढा एक प्रश्न पहिल्या रिमांडला विचारणारा वकील हजर असला तर अख्ख्या सुनावणीचा सूर बदलतो.

आपल्या पोरांवर सध्या सर्वात जास्त धास्ती कशाची असेल तर ती व्हॉट्सअॅप स्टेटसची. भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ किंवा २९९ लागले की घरच्यांना वाटते आयुष्य संपले. ही कलमे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत, हे खरे. पण 'अजामीनपात्र' याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही. जामिनाचा निर्णय पोलिसांच्या हातून न्यायालयाकडे जातो, इतकेच. अशा पोस्टसाठी या दोन्ही कलमांची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नये, गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार खटल्यात बजावले. आता ती नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली येते. नोटीस आली तर पळू नका, तिच्यासोबत वकिलाकडे जा आणि दिलेल्या तारखेला हजर व्हा. गावाबाहेर मामाकडे पाठवून दिलेला पोरगा 'फरार' ठरतो आणि अटकेचे कारण आपणच पुरवतो.

वकील निवडताना त्याचा धर्म विचारणे आता सोडले पाहिजे. मला माहीत आहे, हे बोलणे काहींना टोचेल. भीती खोटी नाही. दंगलीनंतर वकील संघटनेने ठराव करायचा आणि कोणीच वकीलपत्र घ्यायचे नाही, असे देशात घडले आहे. पण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा ठरवले. गंमत अशी की त्या प्रकरणात कोइम्बतूरच्या वकिलांनी बहिष्कार घातला होता तो पोलिसांवर. वकिलाला विचारा: या कोर्टात गेल्या वर्षभरात किती जामीन अर्ज चालवलेत? तारखेला स्वतः येणार की ज्युनिअरला पाठवणार? फी कशाकशाची, पावती देणार का? 'आत द्यायचे आहेत' म्हणून वेगळे पैसे मागणाऱ्याला तिथेच सलाम करून उठा.

पैसे नसतील तर? कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, हेल्पलाइन १५१०० आहे. "फुकटचा वकील काय कामाचा" असे म्हणणारे चाचा प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. कधीकधी ते बरोबरही असतात. पण रिमांडला कोणीच उभे नसण्यापेक्षा तो वकील लाख पटीने बरा, आणि पुढे हवा तर बदलता येतो. २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले की, आरोपीला पहिल्यांदा समोर आणताच वकिलाचा हक्क समजावून सांगणे आणि नसेल तर सरकारी खर्चाने देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याच निकालात फहीम अन्सारीची निर्दोष मुक्तता कायम झाली. त्याचा वकील शाहिद आझमी ती ऐकायला नव्हता. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या ऑफिसात त्याला गोळ्या घातल्या गेल्या होत्या.

यूएपीएची गोष्ट वेगळी आणि जड आहे. आपल्याच जिल्ह्यातले पुसद आठवा. २५ सप्टेंबर २०१५, बकरी ईद, मशिदीबाहेर एका तरुणाने पोलिसांवर चाकूने हल्ला केला. पाठोपाठ दहशतवादाचा कट म्हणून आणखी दोघे आत गेले. मे २०१९ मध्ये अकोल्याच्या विशेष न्यायालयाने तिघांनाही दहशतवादाच्या आरोपांतून मुक्त केले. हल्ला करणाऱ्याला हल्ल्याची तीन वर्षांची शिक्षा झाली, ती त्याने आधीच भोगली होती. त्याने जे केले त्याची शिक्षा व्हायलाच हवी होती. पण जे केले आणि जे लावले गेले, यातला फरक कोर्टात मांडायला साडेतीन वर्षे वकील लागला.

अशा खटल्यांत आणि साध्या खटल्यांतही दिवस मोजणारा माणूस घरात हवा. दोषारोपपत्र साठ दिवसांत, गंभीर गुन्ह्यांत नव्वद दिवसांत आले नाही तर जामीन हा हक्क होतो. यूएपीएत कोर्टाच्या परवानगीने ही मुदत १८० दिवसांपर्यंत जाते. मात्र हा हक्क आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो, तोही दोषारोपपत्र दाखल होण्याआधी. एकसष्टाव्या दिवशी वकील गावी लग्नाला गेला आणि बासष्टाव्या दिवशी दोषारोपपत्र आले, तर संधी गेली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिल्या रिमांडच्या तारखेभोवती गोल काढून ठेवा.

आणि जामीन मंजूर झाला तरी माणूस घरी येतोच असे नाही. जामीनदार लागतो, सातबारा, घरटॅक्सची पावती, कधी तहसीलची सॉल्व्हन्सी. आपल्याकडे सातबारा अजून मयत आजोबांच्या नावावर असतो, फेरफार कोणी केलेलाच नसतो. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला गेला, भावाची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तोही नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ते एक हजाराच्या जातमुचलक्यावर आणले. त्याचा आधार घेऊन रक्कम कमी करण्याचा अर्ज आजही करता येतो. २०२३ च्या आदेशानुसार तर महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी बदलण्याचा विचार करू शकते.

तरी रमजानमध्ये जकातीचा हिशेब बसवताना जमातीने आणखी एक वही उघडावी. तीत वर्गणीची गरज नाही. मोहल्ल्यात स्वतःच्या नावावर सातबारा किंवा घर असलेले दहा जण कोण, त्यातले कोर्टात जामीनदार म्हणून उभे राहायला तयार कोण, आणि रात्री अकराला फोन उचलतील असे राळेगावचे दोन वकील कोणते, एवढे तीत लिहिलेले असावे.