वेगाचा आकडा आणि विलंबाचा हिशेब

जोडणीचा वेग दसपट केला म्हणजे संदेशही दसपट लवकर पोहोचणार, हा जो समज इंटरनेट-सेवेच्या जाहिरातींनी लोकांत रुजविला आहे, तो अर्धाच खरा आहे. आणि उरलेल्या अर्ध्यापायी ग्राहक दरमहा नाहक पैसे भरीत असतो.

संदेश ज्या तुकड्यांत धाडला जातो त्यांतील एकेका तुकड्याचे, म्हणजे पॅकेटाचे, सारे बिट तारेवर चढविण्यास लागणारा वेळ खरोखरच जोडणीच्या वेगावर ठरतो. १५०० बाइटांचे, म्हणजे १२,००० बिटांचे पॅकेट १ एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला दहा लाख बिटांच्या, जोडणीवर चढण्यास १२ मिलिसेकंद घेते, १०० एमबीपीएसवर केवळ ०.१२, आणि मार्गातील राउटर सामान्यतः संपूर्ण पॅकेट हाती आल्याखेरीज ते पुढे रवाना करीत नसल्यामुळे वाटेतील एखादी मंद जोडणीही साऱ्या प्रवासास जाचते. परंतु चढलेल्या बिटाने पल्ला गाठणे ही बाब अंतराची आणि प्रकाशाची आहे. तेथे एमबीपीएसची मात्रा चालत नाही.

१८७० साली मुंबईहून एडनमार्गे सुएझपर्यंत तारायंत्राची केबल समुद्रतळाशी टाकण्यात आली, आणि त्याच तांबड्या समुद्राच्या वाटेने आज वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून निघालेल्या काचतंतूंच्या केबली युरोपकडे जातात. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई-लंडन हे सरळ रेषेतले अंतरच सुमारे ७,२०० किलोमीटर असल्याने जाण्यास ३६ आणि उत्तर घेऊन परतण्यास तितकेच, मिळून ७२ मिलिसेकंद ही निसर्गाने घातलेली किमान अट होय. केबलीची वळणे व राउटरांतील रांगा जमेस धरल्या म्हणजे प्रत्यक्ष आकडा पुष्कळच वाढतो. अशा मार्गावर घरच्या जोडणीचे १०० एमबीपीएस १००० झाले, तरी पॅकेटामागे बचत होते ती मिलिसेकंदाच्या जेमतेम दशांशाची.

एक गिगाबाइटचा चित्रपट मात्र ८० सेकंदांऐवजी ८ सेकंदांत उतरेल, आणि ज्याचे काम असे अवजड आहे त्याने वेगवान जोडणी अवश्य घ्यावी. याउलट परदेशातील सर्व्हरवरचे पान उघडताना आधी सर्व्हरशी जोडणी प्रस्थापित करायची, मग गुप्तलेखनाचा करार करायचा आणि त्यानंतर मजकूर मागवायचा, असे जे चिमुकल्या संदेशांचे हेलपाटे घडतात, त्यांतील प्रत्येकाला ते संपूर्ण अंतर नव्याने तोडावे लागते.

सेवा देणाऱ्या कंपन्यांनी वेगाच्या आकड्याशेजारी विलंबाचा आकडाही तितक्याच ठळक टाइपात छापावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. तूर्त वाचकांनी वरच्या दराची योजना घेण्यापूर्वी, ज्या सर्व्हरशी आपला रोजचा व्यवहार आहे त्यास संगणकावरून ‘पिंग’ करून, म्हणजे संदेश जाऊन उत्तर परतण्यास लागणारा वेळ मोजून, पाहावे; विलंब अंतरामुळे होत असेल, तर जुनीच योजना चालू ठेवावी.