बाजारात शिकलेली भाषा

आमच्या लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात एखाद्या भाजीवाल्या मावशींपाशी पाच मिनिटे उभे राहून पाहा. गिऱ्हाईक मराठी बोलले तर त्या मराठीत भाव सांगतात, दखनी बोलले तर दखनीत, आणि सीमेपलीकडच्या कोणी "एष्टु?" म्हणून विचारले तर कन्नडमध्ये. याउलट, पहिलीपासून इंग्रजी शिकलेला विद्यार्थी अकरावीत आमच्या प्रयोगशाळेत येतो. इंग्रजीत त्याला गुण चांगले असतात. परंतु "तुझ्या हातात काय आहे?" एवढे इंग्रजीत विचारले की तो मान खाली घालतो. "सर, मला भाषा जमत नाहीत," असे सांगणाऱ्या कित्येकांच्या घरी आजीशी कन्नड बोलले जाते. ती भाषा ते हिशेबातच धरीत नाहीत!

मावशींना भाषा का येते? कन्नडमध्ये नाल्कु म्हणजे चार आणि नलवत्तु म्हणजे चाळीस. या दोहोंत एकदा घोटाळा झाला की छत्तीस रुपयांचा फटका बसतो, आणि तोही जागच्या जागी. चूक कळणे आणि ती सुधारणे यांत क्षणाचेही अंतर राहात नाही. परीक्षेतील चूक मात्र दोन महिन्यांनी केवळ गुणांच्या रूपाने कळते. कोणते वाक्य चुकले ते कळतच नाही.

दुसरे कारण उजळणीचे. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून ते किती वेगाने विसरतात याची मोजणी केली व १८८५ साली ती प्रसिद्ध केली. पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने ओसरते, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्याला आढळले. बाजार दर आठवड्याला भरतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

मग मोबाईलवर चित्रफिती पाहून भाषा येईल काय? अमेरिकेत पॅट्रिशिया कुल यांनी केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसे खेळली, तेव्हा बाळांना त्या भाषेतील ध्वनींचा भेद कळू लागला. तेच बोलणे पडद्यावर दाखवले किंवा नुसते ऐकवले, तेव्हा काहीच पदरी पडले नाही. तुम्ही बाळे नाही, त्यामुळे चित्रफितींचा तुम्हाला थोडा उपयोग होईलही. पण उत्तर देणारे माणूस समोर हवेच.

आमच्या मराठवाड्याला हे नवीन नाही. निजामाच्या राजवटीत कचेरीचा कारभार उर्दूत चाले, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात पदार्थविज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवीत. ती सक्ती होती, तिचे गुणगान मी करणार नाही. तरीही घरी मराठी बोलणारी माणसे त्या भाषेत अर्ज लिहीत, कारण रोजचे काम तिच्यावाचून अडत असे.

बाजारातल्या भाषेला मर्यादा आहेत, हे मान्य. मावशींच्या कन्नडवर कन्नड कादंबरी वाचता येणार नाही. त्यासाठी लिपी आणि व्याकरण शिकावेच लागते. माझा आक्षेप क्रमाला आहे. आपण नियम आधी शिकवतो, आणि वापराची वेळ येतच नाही.

शिक्षकबंधूंना माझी सूचना आहे की, आठवड्यातून एक प्रात्यक्षिक संपूर्णपणे इंग्रजीत घ्यावे. लंबकाची आंदोलने मोजताना "दोरी लांब कर", "पुन्हा मोज" एवढीच वाक्ये लागतात. मोडकीतोडकी चालतील. चुकीच्या वाक्यामुळे दोरी आखूड झाली, तर आवर्तकाल लगेच ते सांगेल.

उद्या कोणाला स्पॅनिश शिकावीशी वाटली तरी रीत हीच. तिच्यातील त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, स्वरही मुख्यतः पाचच. इंग्रजी माणसाची जीभ जेथे अडखळते, तेथे आपली अडखळणार नाही. अडचण एकच, लोहाऱ्यात स्पॅनिश बोलणारे गिऱ्हाईक मिळत नाही. तेव्हा दोघा मित्रांनी मिळून ती शिकायला घ्यावी, आणि रोज संध्याकाळी एकमेकांना भाजीचा भाव विचारावा.