पालकाला काय कळतं?

शाळेच्या समितीचा विषय निघाला की चार शिकलेली माणसं एका सुरात बोलू लागतात. ‘अहो, अंगठेबहाद्दरांना बसवलंय तिथं. शाळा म्हणजे काय ग्रामपंचायत आहे का? मास्तरांना त्यांचं काम करू द्या.’ बोलणारे दुष्ट नसतात. बहुतेकांची स्वतःची मुलं जालन्याला नाहीतर संभाजीनगरला शिकतात, आणि गावच्या शाळेचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटतं. पण मनापासूनचं मतही चुकीचं असू शकतं. जालना-भोकरदन रस्त्यावर राजूरच्या अलीकडे-पलीकडे कुठल्याही हॉटेलात चहाला बसा, हे मत ऐकायला मिळेल. तेव्हा त्याचा समाचारही तिथंच बसून घेतलेला बरा.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण समितीला हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं 21वं कलम सांगतं की शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्यात आणि वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी. महाराष्ट्राने जून 2010मध्ये शासन निर्णय काढून हे लागू केलं: अध्यक्ष पालकांतूनच, मुख्याध्यापक सचिव, महिन्याला बैठक, दोन वर्षांनी नवी समिती. कामंही नेमून दिलेली आहेत. शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवायचं, विकास आराखडा करायचा, आलेलं अनुदान कुठं गेलं ते पाहायचं. आणि हे फक्त जिल्हा परिषदेच्या शाळेपुरतं नाही. अनुदान घेणाऱ्या खाजगी संस्थेच्या शाळेलाही ते बंधनकारक आहे. कित्येक संस्थाचालकांना ही गोष्ट आठवत नाही, एवढंच.

आता पहिला आक्षेप: पालक अडाणी, त्यांना शिक्षणातलं काय कळतं?

यातली खोच अशी की समितीला शिक्षणशास्त्र कुणी विचारलेलंच नाही. दहावीचं बीजगणित कसं शिकवावं याचा ठराव समिती करत नाही. तिच्यापुढे येतं ते वेगळंच. शंभर ते अडीचशे पटाच्या सरकारी शाळेला समग्र शिक्षाच्या निकषाप्रमाणे वर्षाला 50,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान येतं. त्यात खडू-फळा, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, आणि किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. याचा हिशेब तपासायला कुठली पदवी लागते? पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरवी मिरची विकणारा शेतकरी काट्यावर नजर ठेवतो, हमाली-तोलाई तोंडी वजा करतो आणि पट्टीतला दहा रुपयांचा फरक जागेवर पकडतो. हाच माणूस शाळेच्या फाटकातून आत शिरला की अडाणी कसा होतो? खिचडीचा तांदूळ किती आला, किती शिजला, त्या दिवशी हजेरी किती होती, हे तीन आकडे शेजारी मांडले की गडबड असेल तर बचत गटातली बाई ती दोन मिनिटांत दाखवते. आणि शौचालयाला पाणी आहे की नाही हे ज्या आईची पोरगी आठवीत आहे तिला जितकं कळतं तितकं विस्तार अधिकाऱ्याला कळत नाही. त्यांच्या तपासणी तक्त्यात ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढाच रकाना असतो.

शिवाय शिकलेल्यांच्या हाती दिलं म्हणजे कारभार स्वच्छ राहतो, हा समज कुठून आला? नागपूर विभागातला शालार्थ आयडीचा घोटाळा 2025मध्ये उघड झाला. नेमणुकाच बोगस, पण पगार सरकारी तिजोरीतून चालू. त्यात शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांनाच अटक झाली. त्या साखळीत अंगठा उठवणारा कुणी नव्हता. सगळ्यांच्या सह्या झोकदार होत्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. समितीत राजकारण शिरतं. हो, शिरतं. पालकसभेची नोटीस शाळेच्या फळ्यावर लागते, पण कळते ती नेमकी चार घरांना. सभेला आलेल्यांपैकी कुणीतरी एक नाव घेतो, मागून दुसरा ‘बरोबर आहे’ म्हणतो आणि अध्यक्ष बिनविरोध. तो आधीच्या अध्यक्षाचा चुलतभाऊ निघतो, किंवा ज्या गटाचा सरपंच त्याच गटाचा. स्त्री सदस्यांच्या जागी नवरे बसतात. पुढे बैठका होतात त्या वहीत. शिपाई इतिवृत्ताची वही काखोटीला मारून घरोघर फिरतो, ओट्यावर बसून पान उघडून देतो, आणि सदस्य गोठ्यातून हात पुसत येऊन मागच्या तीन महिन्यांच्या तीन बैठकांवर एका दमात सह्या करतो. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. कुणी वाचलं, कुणी कायम केलं, देव जाणे.

हे सगळं खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उफराटा आहे. ग्रामपंचायतीत राजकारण आहे म्हणून आपण ग्रामपंचायत बंद केली नाही. बँकेत, दूध संघात, बाजार समितीत, देवस्थानात, कुठं नाही राजकारण? आणि समिती काढून टाकली तर राजकारण शाळेच्या बाहेर जाईल असं वाटणाऱ्यांनी संस्थांच्या शाळांकडे पाहावं. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977चा कायदा आहे, 1981ची नियमावली आहे. त्या नियमावलीतली शाळा समिती म्हणजे व्यवस्थापनाचे प्रतिनिधी, एक कायम शिक्षक आणि मुख्याध्यापक. पालकाला तिथं खुर्चीच नाही. मग तिथं राजकारण नाही? तिथं तर ते वारसाहक्काने चालतं. वडील अध्यक्ष, मुलगा सचिव, सून संचालक. गावच्या समितीतला पुढारी निदान दोन वर्षांनी बदलता येतो.

राजूरचा गणपती साडेतीन पीठांतला एक. अंगारकीला जालन्याहून रात्रभर पायी माणूस येतो, रांगा लागतात, स्वयंसेवक उभे राहतात, पाण्याची सोय होते. इतकं नेटकं नियोजन करणारी ही माणसं चारशे पोरांच्या शाळेचा कारभार बघायला नालायक आहेत, हे म्हणणं मला तरी पटत नाही. फरक एवढाच की अंगारकीला कुणी कुठं उभं राहायचं हे ठरलेलं असतं. शाळेच्या समितीत सदस्याला ‘तुम्ही सदस्य आहात’ एवढंच सांगितलेलं असतं, कधी कधी तेवढंही नाही.

हा माझा अंदाज नाही, आणि इथंच तिसरा आक्षेप येतो. तो अभ्यासू मंडळी घेतात, म्हणून त्याला उत्तरही नीट द्यायला हवं. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि ‘प्रथम’च्या रुक्मिणी बॅनर्जी यांच्यासह काही संशोधकांनी गावच्या शिक्षण समित्यांवर मोठा प्रयोग केला. निष्कर्ष 2010मध्ये प्रसिद्ध झाले. पालकांना समिती असल्याचाच पत्ता नव्हता. खुद्द काही सदस्यांना आपण सदस्य आहोत हे ठाऊक नव्हतं. मग गावोगाव सभा घेऊन माहिती दिली, हक्क समजावून सांगितले. तरीही ना समिती हलली, ना शाळा. झालं! ‘बघा, लोकसहभाग हे थोतांड आहे’ असं म्हणायला पुरावा मिळाला.

पण तोच अभ्यास पुढे काय सांगतो ते सांगायचं राहून जातं. ज्या गावांत तरुण स्वयंसेवकांना एक ठोस काम दिलं, मुलांना वाचायला शिकवण्याचं, तिथं माणसं पुढे आली आणि त्या वर्गांना बसलेली मुलं वाचू लागली. म्हणजे माणसं उदासीन नव्हती. त्यांना भाषण दिलं होतं, काम दिलं नव्हतं. केनियात डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी शाळा समित्यांना कंत्राटी शिक्षकांवर देखरेख कशी ठेवायची याचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा फरक दिसला. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे केंद्रशाळेत एक दिवस, फोटो, चहा-बिस्कीट आणि हजेरीपत्रक. एवढ्यावर समिती निष्क्रिय आहे म्हणून बोंब मारायची, हा कुठला न्याय?

आता मला खरं जे म्हणायचं आहे त्याकडे येतो. समितीच्या सदस्यांचा दोष आपण फार उगाळला. खरा दोष कायद्यात आहे, आणि तो नेमका माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर आहे. शिक्षण हक्क कायदा आठवीला थांबतो, आणि 75 टक्के पालकांची अटही आठवीलाच थांबते. नववी-दहावीसाठी 2009मध्येच राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आलं. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत जी शाळा व्यवस्थापन व विकास समिती रेखाटली होती तिचा अध्यक्ष मुख्याध्यापक, बाकी विषयशिक्षक, पंचायतीचे प्रतिनिधी, खात्याची माणसं, तज्ज्ञ. आणि पालक म्हणून पालक किती, तर एक पुरुष आणि एक बाई. पोरगी आठवीत असेपर्यंत तिच्या आईवर कायद्याचा विश्वास. पोरगी नववीत गेली की आईची रवानगी फाटकाबाहेर. याला कारण काय, ते कुठल्याच कागदात सापडत नाही.

मराठवाड्याला याचा फटका जास्त बसतो. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण म्हणजे बहुतांशी संस्थांच्या शाळा. आपल्याकडे निजाम राजवटीपासूनची सरकारी हायस्कुलं होती, ती 1962मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर त्यांच्याकडे गेली, आणि ‘जिल्हा परिषद प्रशाला’ ही मराठवाड्याची ओळख झाली. म्हणजे सार्वजनिक पैशावर चालणारी, गावाच्या मालकीची माध्यमिक शाळा आपल्याकडे आजही आहे. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनाच तिच्या वरच्या वर्गांत अधिकार नाही.

आणि वरचे वर्ग म्हणजे काय? तिथंच पोरी गळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बालविवाहाच्या बाबतीत मराठवाड्यातले जिल्हे राज्यात वरच्या रांगेत आहेत. नववीतली पोरगी दिवाळीनंतर येईनाशी झाली की हजेरीपटावर फुल्या पडत जातात. मुख्याध्यापक महिन्याने नोटीस पाठवतो, तोवर सुपारी फुटलेली असते. त्याच वस्तीवरची एखादी आई समितीत असली तर तिला ही बातमी पाहुणे घरी येऊन गेले त्याच दिवशी कळते. शहरातल्या तज्ज्ञाला ती कधीच कळणार नाही. बसचंही तसंच. मुलींसाठी एसटीचा पास मोफत आहे, मानव विकासच्या निळ्या गाड्या आहेत. पण गाडी शाळा सुटण्याआधी वीस मिनिटं निघून जात असेल तर पासाचं काय लोणचं घालायचं? शेवटचा तास सोडून पळणारी पोरगी ‘बेशिस्त’ ठरते. हे आगारप्रमुखाला लेखी कळवण्याचं काम कुणाचं? समितीचं. पण तिच्या आईला तिथं जागा असेल तर.

मोठ्या वर्गांचा कारभार पालकांना झेपणार नाही, असं कुणी म्हणेल. अमेरिकेतल्या शिकागो शहराने 1988च्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला स्थानिक परिषद दिली. त्यात पालक सहा, वस्तीतले रहिवासी दोन, शिक्षक दोन. हायस्कूललाही तेच. ही परिषद मुख्याध्यापक निवडते आणि शाळेचा खर्चाचा आराखडा मंजूर करते. तिथंही राजकारण झालं, काही परिषदा नावालाच राहिल्या, उमेदवार मिळेनासे झाले. तरीही त्या मोडीत काढल्या नाहीत. आपण तर मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकार मागतही नाही. आपलं मागणं वही बघण्यापुरतं आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. दहावीपर्यंत, आणि जिथं कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं आहे तिथं बारावीपर्यंत, तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका ही अट राज्याने लागू करावी. बैठक दुपारी दोनला ठेवू नये. कापूस वेचणीच्या दिवसांत दोनची बैठक म्हणजे आईची मजुरी बुडवणं, आणि मग ‘पालक येत नाहीत’ म्हणायला मोकळे. संध्याकाळी ठेवा, शाळेतच ठेवा. जमाखर्चाचा कागद मुख्याध्यापकाच्या कपाटात ठेवू नका, फळ्याशेजारी चिकटवा. इतिवृत्त ग्रामसभेत वाचा. समित्यांची संख्या तर इतकी वाढली होती की 2025मध्ये शासनालाच त्या एकत्र कराव्या लागल्या. बरं झालं. आता उरलेल्या समित्यांना तरी काम द्या.

शिक्षकांनाही एक सांगायचं आहे, कारण या वादात त्यांना उगीच पालकांच्या समोर उभं केलं जातं. वर्गखोलीला गळती लागली, शिक्षकाची जागा दोन वर्षं रिकामी राहिली, तर एकट्या मुख्याध्यापकाचं पत्र पंचायत समितीच्या फायलीत झोपतं. तेच पत्र बारा पालकांच्या सह्यांनिशी गेलं आणि त्यातले पाच जण सोबत गेले की साहेबांना उठून बोलावं लागतं. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा सगळ्यांना माहीत आहे. तिथं गावाने जमीन दिली, वर्गणी काढली. गुरुजी चांगले होते म्हणून गाव उभं राहिलं, हे खरं. पण गाव उभं राहिलं म्हणून गुरुजींना काम करता आलं, हेही तितकंच खरं. समितीला घाबरणाऱ्या मुख्याध्यापकाने हा दुसरा अर्धा भाग लक्षात ठेवावा.

आणि पालकांनो, तुम्हीही सुटत नाही. ‘आपल्याला काय कळतं’ असं म्हणून तुम्हीच मागच्या ओळीत बसता, आणि पुढच्या ओळीत ज्याला बसायचंच असतं तो बसतो. पुढच्या वेळी समिती निवडायची पालकसभा लागेल तेव्हा नोटीस कुणी सांगेल याची वाट बघू नका. मुख्याध्यापकांना लेखी विचारा: सध्याची समिती कधी निवडली, मुदत कधी संपते, नवी सभा कोणत्या तारखेला आहे. अर्ज एका कागदावर पुरतो. दोन प्रती करा, आणि दुसरीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय शाळेतून उठू नका.