कच्चं ताट आणि वैनगंगा

नवरात्र जवळ आलं की पवनीच्या भाजीबाजारात शिंगाड्यांचे ढीग लागतात. हिरवे, लालसर, ओलेकंच, तळ्याचा वास अंगावर असलेले. आमचा भंडारा हा तलावांचा जिल्हा. जुन्या मालगुजारी तलावांत आणि गावोगावच्या बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, ढिवर समाजाची माणसं शिंगाडा लावतात आणि पाण्यात उतरून काटेरी फळ एकेक करून वेलीवरून खुडतात. चूल न पेटवता पोट भरेल असं काही या भागात पिकतं का, असं कुणी विचारलं की मी आधी शिंगाड्याकडे बोट दाखवते.

माझं दिवसाचं खाणं बरेच दिवसांपासून न शिजवलेलं असतं. सकाळी भिजवलेले फल्लीदाणे (शेंगदाणे) आणि मोड आलेले मूग. दुपारी घोळाणा. मेथीचा नाहीतर हरभऱ्याचा कोवळा पाला बारीक चिरायचा. त्यात कांदा, सांबार (कोथिंबीर), हिरवी मिरची, मीठ आणि चमचाभर फल्लीचं तेल घालायचं आणि सगळं हाताने चुरायचं. परातभर पाला मिठाने पाणी सोडतो, बघता बघता मूठभर होतो आणि त्याचा हिरवा उग्रपणा मऊ पडतो. हिवाळ्यात सोबतीला मुळा, गाजर, भेदरं (टोमॅटो), बोरं, आवळा. चैत्रात भिजवलेल्या चणाडाळीत कैरी किसून केलेली डाळ. उन्हाळ्यात काकडी आणि नदीच्या रेतीतल्या डांगरवाडीचं टरबूज. पावसाळा तेवढा जड जातो. पाल्याला चिखल असतो आणि फळांत चव नसते.

असं खाणाऱ्याचा वेळ चुलीपुढे वाचतो, तो धुण्यात, निवडण्यात आणि चावण्यात जातो. घाईत जेवताच येत नाही. पाहुणचारात मात्र जीव कानकोंडा होतो. कुणाच्याही घरी गेलं की पाण्यामागोमाग चहा येतो आणि तो नाकारला की घरच्या बाईचा चेहरा उतरतो. मग मी तिच्याकडे पेरू मागते, नाहीतर वाटीभर दही. मागून घेतलेलं खाल्लं की तिलाही बरं वाटतं.

शिंगाडे विकणाऱ्या एका बाईने मला एकदा विचारलं, “कच्चेच खाता का जी बाई? मंग बोडीचं पानी पाहून घेत जा.” तिचं हे वाक्य माझ्या खाण्याचा पहिला नियम झालं. शिंगाड्यासारख्या पाण्यात वाढणाऱ्या फळाच्या सालीवर आतड्यात राहणाऱ्या एका चपट्या कृमीची बीजं चिकटलेली असू शकतात. दाताने साल काढली की ती थेट पोटात जातात. म्हणून शिंगाडा खळखळून धुवायचा, उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवायचा आणि सुरीनेच सोलायचा. शिजवणाऱ्याला एवढं बघावं लागत नाही, कारण त्याच्यासाठी हे काम विस्तव करतो.

विस्तवाचा आणि उकळत्या पाण्याचा मान आमच्या भागात लाखोरीने शिकवला आहे. धान उभं असतानाच बांधीतल्या ओलीवर लाखोरी फेकतात आणि धान निघालं की ती त्याच ओलाव्यावर वाढते. गरिबाची ही डाळ. पण तिच्यात एक विषारी द्रव्य असतं. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खावी लागली तेव्हा माणसांचे पाय लुळे पडले. म्हणून 1961 साली महाराष्ट्रात तिच्या विक्रीवर बंदी आली. ती 2008 मध्ये उठली. लाखोरी गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायचं आणि मग शिजवायची, ही तिची रीत. मोड आणून कच्ची खाण्याची ती गोष्ट नव्हे. निसर्गाचं सगळंच कच्चं पोटाला चालतं, असं ज्याला वाटतं त्याने लाखोरीचा इतिहास वाचावा.

शरीराचंही ऐकावं लागतं. 1929 साली गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, ‘यंग इंडिया’त त्याबद्दल लिहिलं आणि तब्येत खालावली तेव्हा तो थांबवला, तेही लोकांना सांगितलं. जर्मनीत दीर्घकाळ कच्चं खाणाऱ्या लोकांचा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. त्यात पंचेचाळिशीच्या आतल्या साधारण तीस टक्के बायकांची पाळी अनियमित झाली होती किंवा बंद पडली होती. निव्वळ वनस्पतींच्या आहारातून बी-12 जीवनसत्त्वही पुरेसं मिळत नाही. मी दही सोडलं नाही ते यासाठी. आणि रात्री वाटीभर भात-वरण खाते, कारण मी धानाच्या जिल्ह्यात राहते; इथल्या ताटातून भात काढून टाकावा असं मला कधी वाटलं नाही. वाढत्या वयाच्या मुलांना, गरोदर बाईला कुणी हा आहार लावू नये.

एवढं सांभाळलं तरी एक गोष्ट माझ्या हातात उरत नाही, ती म्हणजे पाणी. पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. वैजेश्वर घाटावर माणसं श्रद्धेने बुडी मारतात. पण नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं, पवनीच्या वरच्या अंगाला गोसेखुर्द धरणात साचतं आणि तिथून पुढे आमच्याकडे येतं. काठच्या वाफ्यांत सांबार, पालक, मुळा पिकतो तो याच नदीच्या आधाराने. शिजवणारं घर भाजीला उकळी देऊन जंतूंपुरतं तरी निश्चिंत होतं. कच्चं खाणाऱ्याला नदी जशी आहे तशीच ताटात घ्यावी लागते. आणि कारखान्यांच्या पाण्यातले जड धातू तर उकळूनही जात नाहीत. तिथे शिजवणारे आणि न शिजवणारे एकाच पंगतीत बसतात.

म्हणून कच्चा आहार हा मला आता एकट्याचा नेम वाटत नाही. शेतात धावणाऱ्या पोराने मुळा उपटावा, पाटाच्या पाण्यात धुवावा आणि कचकन चावावा, यात कुणालाही धास्ती वाटू नये, एवढी साधी अपेक्षा आहे. नागपूरने आपलं सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नये आणि वैनगंगेच्या पाण्याची तपासणी वेळोवेळी होऊन तिचे आकडे पवनीच्या बाजारात, जिथे भाजी विकली जाते तिथेच, फळ्यावर लागावेत. ते आकडे वाचून भाजी घ्यायची की नाही हे पवनीच्या प्रत्येक बाईला ठरवता आलं पाहिजे. हा तिचा हक्क आहे, मग ती भाजी शिजवो की कच्ची खावो.