विंडोज १० चे अपडेट बंद. पण शाळेतला, दुकानातला जुना कॉम्प्युटर भंगारात घालायची घाई नको

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट देणं बंद केलं. मोठ्या कंपन्यांनी याची तयारी आधीपासून केली होती. गावात मात्र स्क्रीनवर सूचना यायला लागली तेव्हा बऱ्याच जणांना हा विषय कळला. जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायत, दूध डेअरी, पतसंस्था, झेरॉक्सचं दुकान अशा ठिकाणी आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले कॉम्प्युटर आजही चालू आहेत. आता दुकानदार सांगतात, 'हा डबा गेला, नवीन घ्या.'

यात अर्धं खरं आहे. विंडोज १० चे दिवस भरले हे खरं. पण मशीन निकामी झालं हे खरं नाही. नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे शाळेला लोकवर्गणी, ग्रामपंचायतीला निधी आणि दुकानदाराला कर्ज. म्हणून खर्च करण्याआधी हा विषय नीट समजून घेणं गरजेचं आहे.

नेमकं काय बंद झालं?

कॉम्प्युटर सुरू होणं बंद झालेलं नाही. बंद झालं ते सुरक्षेचं काम. विंडोजमध्ये सतत कुठे ना कुठे फट सापडते आणि कंपनी ती बुजवते. आता नवी फट सापडली तर विंडोज १० वर ती तशीच राहणार. इंटरनेटला न जोडलेल्या कॉम्प्युटरला याचा धोका कमी. पण ज्यावर बँकेचं काम होतं, लोकांच्या आधारची झेरॉक्स स्कॅन होते, त्याला धोका जास्त.

कंपनीने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ दिली आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं काढून नाव नोंदवावं लागतं. शिक्षण संस्थांना पहिल्या वर्षी एका कॉम्प्युटरमागे १ डॉलर असा वेगळा दर ठेवला, पण तो पुढे दरवर्षी दुप्पट होतो आणि तीन वर्षांत संपतो. म्हणजे ही मुदतवाढ आहे, कायमचा इलाज नाही. शिवाय गावाकडच्या अनेक मशीनवर क्रॅक केलेली विंडोज आहे. त्यांना हा मार्ग सरळपणे खुलाच नाही.

विंडोज ११ का बसत नाही?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. त्याआधीचे बहुतेक कॉम्प्युटर या चाळणीतून खाली पडतात, मग ते कितीही धडधाकट असोत.

काही दुकानदार युक्ती करून जुन्या मशीनवरही विंडोज ११ टाकून देतात. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. शिवाय ४ जीबी रॅमवर विंडोज ११ चालवणं म्हणजे लहान बैलाला मोठा नांगर जुंपण्यासारखं. मशीन हँग होतं आणि दोष मात्र मशीनलाच दिला जातो.

लिनक्स काय आहे, आणि 'हलकं' म्हणजे काय?

विंडोज ही जशी कॉम्प्युटर चालवणारी मूळ व्यवस्था आहे, तशीच लिनक्स ही दुसरी. फिनलंडमध्ये शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ती सुरू केली आणि कुणीही वापरावी, बदलावी अशी खुली ठेवली. प्रत्येकाच्या हातातला अँड्रॉइड मोबाइल याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. त्यामुळे लिनक्स गावात नवीन नाही, फक्त कॉम्प्युटरवर नवीन आहे.

लिनक्स खुलं असल्यामुळे वेगवेगळ्या गटांनी त्याचे वेगवेगळे वाण तयार केले. त्यातले काही खास जुन्या, कमी रॅमच्या मशीनसाठी आहेत. त्यांची स्क्रीन साधी असते, मागे चालणारी कामं कमी असतात. त्यामुळे रॅम मोकळी राहते. पैसे लागत नाहीत, क्रॅक लागत नाही.

कोणत्या मशीनला काय?

आधी आपल्या मशीनची रॅम बघावी. विंडोजमध्ये 'दिस पीसी'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलं की ती दिसते.

४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती सोयीची पडते. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, त्यामुळे विंडोजची सवय असलेला माणूस फार गोंधळत नाही. मिंट २२ या आवृत्तीला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत.

२ ते ४ जीबी रॅम असेल तर लुबुंटू बघावं. मिंट २ जीबीवरही बसतं, पण तिथे त्याचा दम लागतो.

१ ते २ जीबीचं अगदी जुनं मशीन असेल तर अँटीएक्स किंवा पपी लिनक्स. पपी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालं. ते पेन ड्राइव्हवरूनही चालतं आणि बहुतांश रॅममध्येच बसतं, त्यामुळे हार्ड डिस्क खराब झालेलं मशीनही त्यावर सुरू होतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. अनेक जुन्या मशीनवर '३२ बिट' विंडोज टाकलेली असते, म्हणून मशीनच ३२ बिटचं असं लोक समजतात. पण कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे बहुतेक प्रोसेसर ६४ बिटचे आहेत. त्यावर ६४ बिटचंच लिनक्स टाकावं. कारण खरोखरच्या ३२ बिट मशीनचे दिवस लिनक्समध्येही संपत आले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिट मशीनवर बसवायची सोय काढून टाकली. फायरफॉक्सनेही १४४ नंतरच्या आवृत्त्या ३२ बिट लिनक्ससाठी देणं थांबवलं. क्रोमने तर २०१६ मध्येच हात वर केले होते. तेवढं जुनं मशीन असेल तर त्यावर पैसा आणि वेळ घालू नये.

हलकं लिनक्स काय करू शकत नाही

जुनं मशीन लिनक्सने नव्यासारखं होतं, असं सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर भरपूर आहेत. ते तपासून घ्यायला हवं. लिनक्स हलकं होतं, पण वेबसाइट हलक्या होत नाहीत. यूट्यूब, ऑनलाइन फॉर्म, नकाशे या गोष्टी ब्राउझरमध्ये तेवढीच रॅम खातात. २ जीबीच्या मशीनवर दोन-तीन टॅबच्या वर गेलं की ते अडखळणारच. रॅम वाढवली आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर मात्र फरक लगेच जाणवतो.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे, ती कामाची. आधारवर अंगठा घेणारं यंत्र चालवण्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळतं. टॅली विंडोजवरच चालतं. डिजिटल सहीच्या पेन ड्राइव्हसारख्या टोकनचं लिनक्ससाठी सॉफ्टवेअर कधी मिळतं, पण सरकारी पोर्टलची जोड बऱ्याचदा विंडोज गृहीत धरून केलेली असते. म्हणून सेवा केंद्रात अंगठा घेणारं मशीन, पतसंस्थेत टॅलीचं मशीन आणि ग्रामपंचायतीत सहीचं मशीन यांना हात लावू नये. तिथे नवं मशीन घेणं किंवा मुदतवाढ घेणं हाच मार्ग. एका दिवसाचं काम बंद पडलं तर दाखल्यासाठी आलेल्या माणसाचा रोज बुडतो.

प्रिंटरचंही तसंच. एचपीचे बरेच प्रिंटर लिनक्सवर लगेच चालतात. पण गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० वेगळं सॉफ्टवेअर मागतो आणि ते बसवताना डोकेदुखी होते.

मराठी टायपिंगची मात्र फारशी भीती नको. लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधूनच जोडता येतो. लिब्रे ऑफिसमध्ये अर्ज, पत्र, हिशेबाचे तक्ते होतात आणि वर्ड-एक्सेलच्या फाइल उघडतात, फक्त मांडणी कधी थोडी हलते. अडचण येते ती श्री-लिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइलची. तो फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी भलतंच काही दिसतं. असे ठराव आणि पत्रं आधी युनिकोडमध्ये बदलून, पीडीएफ करून ठेवावीत.

सातबारा बघणं, हवामान, बाजारभाव, शिष्यवृत्तीची माहिती, मुलांचा अभ्यास, पत्र टाइप करणं या कामांना विंडोजच हवी असं काही नाही. म्हणजे प्रश्न मशीनच्या वयाचा कमी आणि त्यावर होणाऱ्या कामाचा जास्त आहे.

केरळने काय केलं?

शाळांच्या बाबतीत केरळचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे २००१ मध्ये 'आयटी @ स्कूल' हा सरकारी प्रकल्प सुरू झाला. पुढे शाळांमध्ये विंडोजऐवजी लिनक्स आणलं गेलं. आज 'काइट' ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती शाळांसाठी तयार करते. गणित, विज्ञान, चित्रकला, टायपिंग यांची सॉफ्टवेअर त्यातच असतात. २०१९ मध्ये दोन लाखांहून जास्त शालेय कॉम्प्युटरसाठी नवी आवृत्ती देताना परवान्यांचे ३,००० कोटी रुपये वाचल्याचा दावा सरकारी बाजूने करण्यात आला.

पण केरळमध्ये हे जमलं ते फुकट मिळालं म्हणून नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, पाठ्यपुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर बेतली आणि २०१८ पासून हायस्कूलमध्ये 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे गट उभे केले. या मुलांना हार्डवेअरपासून ॲनिमेशनपर्यंत शिकवलं जातं आणि शाळेतली मशीन सांभाळायलाही ती मदत करतात. बिघाड झाला की तालुक्याच्या दुकानदाराची वाट बघावी लागत नाही.

आपल्याकडे साधनं नाहीत असं नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय भाषांसाठीची लिनक्स आवृत्ती २००७ मध्येच आणली. त्यात मराठी आहे. ती जुन्या मशीनसाठी सगळ्यात हलकी नाही, पण हा विषय सरकारला अनोळखी नाही एवढं त्यातून दिसतं. दुसऱ्या बाजूला, नोकरीसाठी लागणाऱ्या एमएस-सीआयटीचा अभ्यास मुख्यतः विंडोज आणि एमएस ऑफिसवर होतो. म्हणून 'मुलांना लिनक्स शिकवून उपयोग काय?' असं पालक विचारतात. हा प्रश्न चुकीचा नाही. पण माउस धरणं, टाइप करणं, फाइल सांभाळणं, तक्ता करणं ही कौशल्यं दोन्हीकडे सारखीच. बंद पडलेल्या विंडोजच्या मशीनवर मात्र मूल काहीच शिकत नाही.

शाळा आणि ग्रामपंचायत काय करू शकते?

पहिलं काम यादीचं. किती मशीन, किती रॅम, प्रोसेसर कोणता आणि त्यावर कोणतं काम होतं, हे एका कागदावर लिहावं. अंगठा, टॅली आणि सहीची मशीन वेगळी काढावीत.

दुसरं, मशीन शासकीय योजनेतून आलेलं असेल आणि डेडस्टॉक रजिस्टरला असेल तर आधी वरिष्ठ कार्यालयाला विचारावं. लिनक्स टाकणं म्हणजे निर्लेखन नव्हे, पण नंतर वाद नको.

तिसरं, सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करावा. लिनक्स बसवताना 'डिस्क पुसा' हा पर्याय निवडला की जुनं सगळं जातं, परत येत नाही.

चौथं, आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघावं. अधिकृत वेबसाइटवरून फाइल उतरवायची, दुसऱ्या कॉम्प्युटरवर रुफस या मोफत सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवायची. पेन ड्राइव्हवरचं जुनं सगळं यात पुसलं जातं. मग जुनं मशीन त्यावरून सुरू करायचं. यात हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी चाललं तरच पुढे जावं.

पाचवं, सगळी मशीन एकदम बदलू नयेत. एक बदलावं, महिनाभर वापरावं, मग बाकीचं ठरवावं.

या सगळ्यात सॉफ्टवेअरला एक रुपया लागत नाही. लागतो तो माणूस. आज गावात 'फॉरमॅट मारून देणारा' सहज सापडतो, लिनक्स सांभाळणारा सापडत नाही. पंचायत समितीने प्रत्येक केंद्रातून एक-दोन शिक्षक आणि कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी दोन-तीन मुलं-मुली निवडून त्यांना आठवडाभराचं प्रशिक्षण दिलं, तर तालुक्याची गरज बरीचशी भागेल. तसं झालं नाही तर हलकं लिनक्स टाकलेलं मशीनही पहिल्याच बिघाडाला परत कोपऱ्यात जाईल आणि त्यावर पुन्हा प्लास्टिकचं कव्हर चढेल.

नवे कॉम्प्युटर मागण्याचा शाळांचा हक्क यामुळे कमी होत नाही. ती मागणी चालूच राहावी. पण मंजुरी, निविदा आणि पुरवठा यात दोन-तीन वर्षं सहज जातात. आज पाचवीत असलेली मुलगी तोवर आठवीत जाते. तिच्या शाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली चार मशीन चालू होणार असतील, तर पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्यायला हरकत नाही.