बस खाली

कपाट आवरताना बी.एड.ची पाठ-टाचणांची वही सापडली. 2003-04 चं वर्ष, तेव्हा बी.एड. एकाच वर्षाचं होतं. खाकी कव्हर फाटलंय, पण आतली अक्षरं शाबूत आहेत. अकराव्या पाठाच्या समासात आमच्या मार्गदर्शक मॅडमनी लाल शाईने लिहिलेली एक ओळ आहे. तिच्याबद्दल आजवर मी फारसं कोणाशी बोललेले नाही. पण सध्या माझ्या वर्गावर एक छात्राध्यापिका येते आहे, आणि परवा तिचा पाठ बघताना ती ओळ पुन्हा आठवली, म्हणून या महिन्यात तेच लिहिते.

आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं. घरात कोकणी, शाळेत उर्दू आणि शिवडीच्या आमच्या गल्लीत मराठी, अशा तीन भाषांत मी वाढले. अब्बा बंदराच्या गोदामात कामाला होते. बी.एड.ला उर्दू आणि मराठी अशा दोन पद्धती घेतल्या तेव्हा मला वाटलं, आपल्याला काय अवघड आहे!

सुरुवातीला सूक्ष्म पाठ असत. ज्यांच्या घरात कोणी बी.एड. केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सूक्ष्म पाठ म्हणजे पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ. त्यात एकाच कौशल्याचा सराव करायचा. कधी प्रश्न विचारण्याचा, कधी फळ्यावर लिहिण्याचा, कधी मुलांना दाद देण्याचा. 1963 च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली आणि फिरत फिरत आमच्यापर्यंत आली. पाठ घ्यायचा, चुका ऐकायच्या, टाचण सुधारायचं, पुन्हा तोच पाठ घ्यायचा. समोर खरी मुलं नसतात, आपल्याच मैत्रिणी सातवीतली मुलं बनून बसतात. दाद देण्याच्या कौशल्याला 'प्रबलन' असं भारी नाव होतं. मी किती वेळा 'शाब्बास' म्हणते त्याच्या रेघा मागे बसलेली मैत्रीण मारायची. एकदा सहा मिनिटांत चौदा शाब्बास झाले. एवढी शाबासकी मला स्वतःला अख्ख्या शाळेत मिळाली नव्हती.

मग खऱ्या मुलांसमोर उभं राहायची वेळ आली. आमच्याच पट्ट्यातली एक उर्दू माध्यमाची शाळा, सातवीचा वर्ग, विषय मराठी. पहिल्याच पाठात फजिती. पाठ पक्ष्यांवर होता. टाचणात प्रस्तावनेचे प्रश्न असे रचायचे की शेवटचं उत्तर बरोबर विषयावर येऊन पडावं. मी विचारलं, "थंडीत शिवडीच्या चिखलात काय दिसतं?" उत्तर हवं होतं 'रोहित पक्षी', निदान 'फ्लेमिंगो' तरी. एक म्हणाला, "बोटी." दुसरा म्हणाला, "कचरा." तिसरा उठून म्हणाला, "मॅडम, तिथे लोखंड मिळतं." सगळी उत्तरं खरी होती, माझ्या वहीत मात्र त्यांतलं एकही नव्हतं. शेवटी मीच फळ्यावर 'पक्षी' लिहिलं आणि हेतुकथन उरकलं.

अकराव्या पाठापर्यंत मी तयार झाले होते. गुंडाळी फळा, दोन तक्ते, पट्टी, सगळं हाताशी. गोष्टीत एका मुलाला वडील शिक्षा करतात असा प्रसंग होता. मागच्या बाकावर मार्गदर्शक मॅडम, त्यांच्या शेजारी निरीक्षणाचे कागद घेऊन दोन मैत्रिणी. तास पस्तीस मिनिटांचा. मी टाचणातला प्रश्न विचारला, "तुम्हांला कधी शिक्षा झाली आहे का?"

वर्ग गप्प. मग शेवटच्या बाकावरचा, बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच असलेला एक मुलगा उभा राहिला. त्याने त्या वर्गात माझ्यासमोर तोंड उघडण्याची ती पहिलीच वेळ. म्हणाला, "मॅडम, माझी शिक्षा चौथीपर्यंत झाली. मग दोन साल बंद होती. आता परत चालू आहे."

ज्यांना मराठीतली 'शिक्षा' माहीत होती ते खो खो हसले. त्याला काय झालं ते कळेना. त्याचं तरी काय चुकलं? घरी 'तालीम' म्हणतात, हिंदीच्या पुस्तकात 'शिक्षा', आणि शाळेच्या भिंतीवर 'सर्व शिक्षा अभियान' असं हातभर अक्षरांत रंगवलेलं. ते अभियान तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. मला हे सगळं त्याच क्षणी कळलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. पण घड्याळात अठरा मिनिटं झाली होती आणि वाचन, प्रश्न, दृढीकरण, गृहपाठ सगळं बाकी होतं. मी म्हटलं, "शिक्षा म्हणजे सजा. बस खाली." आणि पुढे गेले.

पाठ वेळेत संपला. मॅडमनी वही परत दिली. आवाज चांगला, फलकलेखन सुवाच्य, वेळेचं नियोजन उत्तम. आणि समासात, "त्या मुलाने काय सांगितले ते तुम्ही ऐकलेत का?"

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, माझ्यामुळेच. घरी अब्बांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "चल, बघून येऊ." वर्गशिक्षकांकडून पत्ता घेतला आणि दारूखान्याच्या बाजूला गेलो. जुनी जहाजं तोडतात तो भाग. गल्लीभर साखळदंड, पत्रे, बोटींचे पंखे, तेलाचा वास. त्याची आई दारात आली. मी भीत भीत विचारलं. ती म्हणाली, "हफ्ते में दो-तीन दिन जाता है टीचर, दुकान पे." भंगाराच्या दुकानात तो वायर सोलायचा. म्हणजे माझ्या पाठाचा आणि त्याच्या गैरहजेरीचा संबंध नव्हता. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. दोन वर्षं शाळा बंद का होती, आता सुरू कशी झाली, आठवड्यातले किती दिवस सुरू आहे, हे सगळं तो त्या एका वाक्यात सांगायला उठला होता. त्याच्या वर्गशिक्षकांनाही ते ठाऊक नव्हतं. शिक्षण हक्क कायदा तेव्हा नव्हता, तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. अशा मुलांना विचारणारं कोणी नसे.

तो नंतर चार-पाच वेळा वर्गात दिसला. मी त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला, तो फक्त हसायचा. मग माझे वीस पाठ संपले, प्रमाणपत्र मिळालं, मी निघून आले. वार्षिक परीक्षेला तो बसला की नाही मला माहीत नाही. सराव पाठांची ही बाजू कोणी बोलत नाही. आमचा हात बसावा म्हणून कोणाच्या तरी मुलांचे तास जातात, आणि हात बसला की आम्ही दुसरीकडे जातो.

आता बी.एड. दोन वर्षांचं आहे. 2014 च्या नियमांनी ते झालं. त्यात वीस आठवडे शाळेत काढायचे, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. याला आंतरवासिता म्हणतात. मला हा बदल आवडला. सोळा आठवड्यांत मुलांची नावं पाठ होतात, कोण डबा आणत नाही ते कळतं. पण शाळांनाही फुकटची माणसं मिळतात. कोणी रजेवर गेलं की पाठव त्या मुलीला वर्गावर, याद्या करायच्या आहेत की बसव तिला. मीही हे केलं आहे, कबूल करते. सावित्रीबाई फुले नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात नॉर्मल स्कूलमध्ये शिकवण्याचं शिक्षण घेऊन आल्या होत्या, हे आपण वाचतो. पुढे आजारपणात त्या माहेरी नायगावला होत्या, तिथून 10 ऑक्टोबर 1856 ला जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना काळजी आहे ती फातिमाची. तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही, अशा अर्थाचं त्या लिहितात. बदली तासावर निघालेल्या आमच्या मुलीचा चेहरा पाहिला की मला ते पत्र आठवतं.

ही मुलगी मुंब्र्याहून येते. कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने शिवडी. शिक्षण उर्दू माध्यमातलं, मराठी लिहिते सुरेख, बोलताना घाबरते. 'फळा' म्हणताना 'ळ' सुटतो आणि 'पुस्तक' तिच्या तोंडून अजून 'ती पुस्तक' होतं, कारण उर्दूत किताब स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंग नाहीच. मी तिला म्हटलं, बेटा, तुला जे अडतं तेच मुलांना अडतं, त्याचीच यादी कर. तिने केली. एका बाजूला सोबतीचे शब्द, म्हणजे खुर्ची-कुर्सी, शाई-सियाही, कागद, हजर, तारीख. फारसी-अरबीतून मराठीत आलेले इतके शब्द सापडले की वर्गाची भीती निम्मी गेली. दुसऱ्या बाजूला फसवे शब्द. 'दप्तर' उर्दूत कचेरी, मराठीत पाठीवरची पिशवी. 'राग' उर्दूत गाण्यातला, मराठीत नाकावरचा. 'शिक्षा' तिने स्वतःच लिहिला होता. मी काही बोलले नाही.

परवाचा पाठ 'माझे घर' या विषयावर होता. आधी तोंडी वर्णन, मग लेखन. तिने विचारलं, "तुमच्या घराच्या खाली काय आहे?" अपेक्षित उत्तरं दुकान, गॅरेज, गल्ली. एक मुलगी उठली आणि ठासून म्हणाली, "मॅडम, आमचं घर खाली नाही. त्यात नऊ माणसं राहतात."

वर्ग हसायला लागला. मी मागच्या बाकावर बसले होते आणि नकळत घड्याळाकडे पाहिलं, वीस मिनिटं झाली होती. तिने टाचणाची वही टेबलावर पालथी ठेवली. स्वतः हसली नाही. म्हणाली, "नऊ? कोण कोण?" मुलगी बोटं मोजत सांगू लागली, दादी, चाचा, चाची, फुफी. ही एकेक नातं फळ्यावर लिहीत गेली, शेजारी मराठी शब्द मुलांकडूनच काढत गेली. आजी, काका, काकू, आत्या. मग विचारलं, "तू अभ्यास कुठे करतेस?" "माळ्यावर. खाली जागा नसते." या वेळी 'खाली' अगदी बरोबर मराठीतलं होतं. ते तिला कळलंही नाही, आम्हा दोघींना कळलं. तेवढ्यात घंटा झाली. लेखन राहिलं, मूल्यमापन राहिलं, गृहपाठ द्यायचाच राहिला.

गुणांचा तक्ता मलाच भरायचा होता. वेळेच्या नियोजनाला पाचपैकी दोन दिले. तिचा चेहरा पडला. गुणांवर पुढची सगळी धडपड असते, त्यापुढे टीईटी, टेट, पोर्टलवरची वाट पाहणं. "मॅडम, पाठ वाया गेला ना?" तिने विचारलं. मी माझी जुनी वही तिला वाचायला दिली.

काल ती मुलगी न सांगता निबंध लिहून घेऊन आली. दोन पानं, नऊही माणसं त्यात आहेत. पहिलं पान मराठीत. पुढे शब्द कमी पडले असावेत, कारण दुसरं पान उर्दूत आहे, आणि मधल्या एका ओळीत दोन्ही बाजूंनी आलेली वाक्यं समोरासमोर येऊन थांबली आहेत. आमची छात्राध्यापिका ते पान घेऊन स्टाफरूममध्ये आली. हे तपासायचं कुठून, डावीकडून की उजवीकडून, आणि गुण कोणत्या विषयात द्यायचे? मी तिला सोमवारपर्यंत वेळ मागितला आहे.