हळदीचा पिवळा, शाईचा पिवळा
सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा रंग व्हिजिटिंग कार्डावर उतरवताना भल्याभल्यांची फजिती होते. मोबाइलवरचा पिवळा लाल-हिरव्या प्रकाशाचा, ऑफसेटवरचा शाईचा. म्हणून डिझाइन आधीच सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगात, पाहावं. हळदीसाठी पिवळा १०० टक्के, मॅजेंटा साधारण २०. सायन थोडा जरी शिरला तरी हळद हिरवट, आजारी दिसते. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा तपकिरी त्याहून नाठाळ, मॅजेंटा जरा चढला की पेढ्याची वीटच! बारीक अक्षरं मात्र निव्वळ काळ्या शाईत ठेवावीत, नाहीतर कडा फुटतात. मॅट लॅमिनेशनखाली रंग किंचित मंदावतात, आणि ते व्हॉट्सॲपवरच्या प्रूफात दिसत नाही. त्यासाठी त्याच कागदावरचा, लॅमिनेशन केलेला नमुना मागावा लागतो.